गावच्या शाळेत उन्हाळ्यात ‘हातानं करून बघा’ शिबिर घ्यायचंय, काय घेऊ आणि कसं घेऊ?

प्रश्न थोडक्यात असा आहे की केज तालुक्यातल्या एका गावात जिल्हा परिषद शाळेची एक खोली आणि व्हरांडा मिळणार आहे, ५वी ते ८वीची तीसेक लेकरं, मे महिन्यातले दहा दिवस, पैसे फार नाहीत, आणि ताईंनी यूट्यूबवरून चाळीस-पन्नास अ‍ॅक्टिव्हिटी काढून ठेवल्यात पण त्यातलं काय घ्यावं ते ठरंना. मी अंबाजोगाईकडं बरीच वर्षं हेच काम करतोय, त्यामुळं उत्तराला जरा लांबण लागेल.

ताई, आधी ती चाळीसची यादी चारवर आणा. खरंच सांगतो, दहा दिवसांना चार-पाच वस्तू पुष्कळ होतात. दर तासाला नवीन अ‍ॅक्टिव्हिटी म्हणजे लग्नाच्या पंगतीसारखं होतं, ताटात सगळं पडतं आणि धड पोटात काहीच जात नाही. लेकरानं एक वस्तू केली, ती चालली नाही, त्यानं उघडली, शेजारच्याची बघितली, परत जोडली, मग चालली, एवढं व्हायलाच दीड-दोन दिवस लागतात आणि शिकणं जे काय होतं ते ह्या मधल्या भानगडीतच होतं. तुम्ही घड्याळ बघून ‘चला आता पुढची अ‍ॅक्टिव्हिटी’ म्हणालात की ते नेमकं तिथंच तुटतं.

निवडायचं कसं, तर माझी एकच कसोटी आहे. जी वस्तू स्वतःच सांगते की मी चालले का नाही, ती घ्यायची. मोटार फिरते किंवा फिरत नाही, तराजू एका बाजूला कलतो किंवा सरळ राहतो, तिथं सरांना विचारायचं कामच नाही. लेकरू तुमच्या तोंडाकडं बघायचं सोडून वस्तूकडं बघायला लागलं की शिबिर लागलं म्हणून समजा, कारण वर्षभर शाळेत त्याला ‘बरोबर का सर?’ एवढंच विचारायची सवय झालेली असते. ह्या कसोटीवर तो सोडा-व्हिनेगरचा ज्वालामुखी बाद होतो बघा, फेस दरवेळी येतोच, कसाही केला तरी येतो, लेकरं ओरडतात, फोटो भारी निघतो आणि करून बघण्यासारखं पुढं काही उरत नाही. त्यात आपल्याकडचा काळा दगड असल्या शंकूच्या डोंगरातून भडका उडून आलेला नाहीच, ६.६ कोटी वर्षांच्या आसपास जमिनीच्या भेगांतून लाव्हा पसरत गेला त्याचे थर आहेत ते. तुमच्याकडं बालाघाटाच्या डोंगरात ते पायऱ्या-पायऱ्यांसारखे थर उघडे दिसतात, ते दाखवा त्यापेक्षा.

आता वेळ. मे महिना आणि मराठवाडा हे आधी, शिबिर नंतर. सकाळी ७ ते १०:३०, बस. अकरानंतर पत्र्याच्या खोलीत लेकरं बसवायची नाहीत, अगदी पालक म्हणाले ‘ठेवा दिवसभर, घरी नुसता तरास देतात’ तरी नाही. खोलीपेक्षा लिंबाच्या झाडाखाली सतरंजी बरी, फक्त हत्यारं आणि बारीक सामान मातीत हरवतं म्हणून प्रत्येक गटाला एक जुनं ताट नाहीतर परात द्या, सगळं काम परातीत. प्रत्येकाची स्वतःची पाण्याची बाटली, आणि एक मोठा माठ भरून. ओआरएसची पाकिटं ठेवा, नसली तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चहाचा चमचा. दगड-माती गोळा करायला पाठवताना हातानं दगड उलटायचा नाही, काठीनं, कारण विंचू. विंचू चावलाच तर मंत्र-बिंत्र न करता थेट प्राथमिक आरोग्य केंद्र किंवा ग्रामीण रुग्णालय गाठायचं, प्राझोसिनची गोळी वेळेत मिळाली तर जीव वाचतो (त्यावर आयुष्यभर काम केलेले महाडचे डॉ. हिम्मतराव बावस्कर मूळचे आपल्या जालन्याकडचेच). आणि विहीर, शेततळं ह्यांच्या काठाला शिबिराच्या नावाखाली एकही लेकरू जाणार नाही, पाण्याचा नमुना आणायचा असेल तर मोठ्या माणसानं आणून द्यायचा. ह्यात मी अजिबात सूट देत नाही, शेततळ्याचा प्लास्टिकचा कागद निसरडा असतो आणि पोहता येणारा माणूससुद्धा त्यावरनं वर येऊ शकत नाही.

तारखा ठरवताना दोन गोष्टी बघा, आठवडी बाजार आणि लग्नतिथी. दाट तिथीच्या दिवशी अर्धी पोरं वरातीत असतात, आणि काही मामाच्या गावाला जाऊन चार दिवसांनी उगवतात. त्यांच्यावर चिडून उपयोग नाही. त्यापेक्षा मांडणीच अशी करा की मधूनच आलेल्या पोराला कोणत्यातरी गटात बसता आलं पाहिजे, ‘काल काय झालं’ हे तुम्ही नाही सांगायचं, गटातल्या पोरानं वस्तू दाखवून सांगायचं. गंमत म्हणजे त्या सांगण्यात सांगणाऱ्याचंच जास्त पक्कं होतं.

एक गोष्ट यूट्यूबवर कुठंच सापडणार नाही. तुमच्या तालुक्यात ऊसतोडीला जाणारी घरं बरीच असणार. दिवाळीच्या आगंमागं गेलेली माणसं कारखाना बंद झाल्यावर मार्च-एप्रिलात परत येतात, म्हणजे त्यांच्या लेकरांची शाळा बुडते ती नेमकी थंडीतली आणि ती गावात असतात ती नेमकी तुमच्या शिबिराच्या दिवसांत. ही लेकरं शिबिराला आली पाहिजेत, आणि आली तर मागं कोपऱ्यात बसता कामा नयेत. त्यासाठी दोनच गोष्टी करा. गट इयत्तेप्रमाणं पाडू नका, मिसळून पाडा, चार-चारचे. आणि वाचून करायची सूचनापत्रं, वर्कशीट वगैरे काही देऊ नका, करून दाखवा आणि नमुना वस्तू मधोमध ठेवा, ज्याला बघायचंय त्यानं उचलून बघावी. सहावीतल्या पोराला धड वाचता येत नाही हे चारचौघांत कळलं की ते दुसऱ्या दिवशी येत नाही. उलट गाठ मारणं, तार पिळणं, वजनाचा अंदाज ह्यात ही लेकरं बाकीच्यांच्या पुढं असतात, कोपीवर, म्हणजे ऊसतोडीच्या खोपटात, राहून आलेलं पोरगं आहे ते, त्याला पक्कड धरायला शिकवावी लागत नाही. पण म्हणून सगळं हातकाम त्याच्याच गळ्यात घालू नका, मोजमाप लिहायची वही पण त्याच्याकडं द्या, आकडे तेवढे लिहिता येतात, चित्र काढता येतं, तेवढं चालतं.

पहिल्या दिवशी काय, तर ज्वारीची धाटं. फुकट आहेत, कडब्याची गंजी कुणाच्याही रानात असते. वरची साल सोलून तिच्या बारीक काड्या करायच्या आणि आतल्या पांढऱ्या मऊ गराचे तुकडे, सालीची काडी गरात खुपसली की जोड तयार. आपल्या आज्या-आजोबांनी ह्याच्याच बैलगाड्या आणि चष्मे केलेत. टाकाऊ वस्तूंपासून विज्ञानाची खेळणी करणाऱ्या अरविंद गुप्तांची आगकाड्या आणि सायकलच्या व्हॉल्व ट्यूबची जी मेकॅनो (तुकडे जोडून आकार करायचा खेळ) आहे, ती त्यांना १९७० च्या दशकात मध्य प्रदेशातल्या होशंगाबादच्या विज्ञान कार्यक्रमात काम करताना सुचली, तिचंच हे आपलं गावठी रूप म्हणा. तिथं ट्यूब विकत आणावी लागते, इथं तीही नाही. करायचं काय, तर चौकोन करा आणि त्रिकोण करा आणि दाबून बघा. चौकोन लवंडतो, त्रिकोण लवंडत नाही. मग चौकोनाला तिरकी काडी लावा. मग बाहेर जाऊन बघायचं की गावात हा त्रिकोण कुठं-कुठं लपलाय, पत्र्याच्या शेडची कैची, मोबाईलचा टॉवर, सायकलची फ्रेम, बैलगाडीचा सांगाडा. मग पूल करायचा, दोन विटांवर ठेवायचा आणि मधोमध पिशवी टांगून खडे टाकत जायचं, मोडेपर्यंत. मोडू द्या, आणि कुठं मोडला ते वहीत काढायला लावा, दुसरा पूल त्यावरनंच सुधारतो. सालीची कड ब्लेडसारखी कापते, एवढंच ध्यानात ठेवा, सोलायचं काम मोठ्या पोरांकडं.

आता मोटार. ही दोन दिवस घ्या, तीन लागले तरी द्या. सामान: एक पेन्सिल सेल, दोन सेफ्टी पिना, जुन्या स्पीकरमधलं चुंबक, आणि इनॅमलची, म्हणजे वरून वीज अडवणारा पातळ थर चढवलेली, तांब्याची तार. तार विकत आणायला लातूरला जाऊ नका, तुमच्या तालुक्याच्या गावात शेतीपंपाच्या मोटारी भरून देणारी रिवायंडिंगची दुकानं हमखास असतात, कारण व्होल्टेज कमी-जास्त होऊन मोटारी जळतच राहतात. त्यांच्याकडं नव्या तारेचे उरलेले तुकडे मागा, शाळेसाठी म्हटलं की पैसे घेत नाहीत बहुतेक. जळालेल्या मोटारीतनं काढलेली तार नको, तिच्यावरचं इनॅमल करपलेलं असतं आणि वेटोळी आपापसात शॉर्ट होतात. तार फार जाड नको आणि केसासारखी बारीकही नको, वेटोळं करून सोडलं की आकार धरून राहिली पाहिजे, एवढी.

सेलभोवती तारेची दहा-बारा वेटोळी घेऊन ती काढून घ्यायची, दोन्ही टोकं समोरासमोर सरळ बाहेर, आणि ती टोकं सेलच्या दोन टोकांना लावलेल्या पिनांच्या नाकात अडकवायची, खाली चुंबक. आता खरी गोष्ट टोकं खरवडण्यात आहे. एक टोक सगळ्या बाजूंनी खरवडायचं आणि दुसरं फक्त अर्ध्या बाजूनं, म्हणजे वेटोळं उभं धरून तारेची वरची बाजू खरवडायची आणि खालच्या बाजूचं इनॅमल तसंच ठेवायचं. लेकरांना हे आधी सांगू नका! दोन्ही टोकं पूर्ण खरवडू द्या. मग वेटोळं नुसतं डुलतं, अर्धा फेरा जातं आणि माघारी येतं, आणि सगळीकडनं ‘सर फिरना की हो’ सुरू होतं. कारण सरळ आहे, अर्ध्या फेऱ्यानंतर तोच करंट वेटोळ्याला उलट्या बाजूला ढकलायला लागतो. त्या अर्ध्या वेळात करंट बंद पाडला तर वेटोळं आपल्या वेगानं पुढं निघून जातं आणि परत ढकलायच्या जागेवर येतं. हे तुम्ही फळ्यावर काढलं तर दोघांना कळंल. पण डुलणारं वेटोळं बोटानं अडवत-सोडत अर्धा तास खेळलेल्या पोराला विचारलं की ‘नेमकं कुठं आल्यावर माघारी वळतंय?’ तर ते बोट ठेवून दाखवतं, आणि मग ‘तिथं करंट गेलाच नाही तर?’ एवढा एकच प्रश्न तुमचा. बाकी ते बघून घेतात.

तरी नाही फिरली तर ह्या क्रमानं बघा: टोकं खरंच खरवडलीत का (इनॅमल तांब्याच्याच रंगाचं असतं, त्यामुळं फसायला होतं, पॉलिश पेपरनं घासा), टोकं एका रेषेत आहेत का, सेल उतरलाय का. सेल फार लवकर उतरतात कारण वेटोळं थांबलं की जवळजवळ शॉर्टच असतं ते, पिना गरम होतात, म्हणून ‘फिरत नसेल तर उचलून ठेवायचं’ हा नियम. सेल जास्तीचे आणा, ह्या शिबिरातला सगळ्यात मोठा खर्च तोच आहे.

आणि मग तिसऱ्या दिवशी त्या रिवायंडिंगवाल्या मिस्त्रींना बोलवा, एक उघडलेली पंपाची मोटार घेऊन. लेकरं पहिलं तेच विचारतात की ह्यात खरवडलेली टोकं कुठायत, फिरणाऱ्या भागाला तर तारच नाही! मिस्त्री सांगतात त्यांच्या भाषेत, की वायरिंग बाहेरच्या अंगाला असतं आणि आतलं नुसतं फिरतं, कारण घरातला करंट स्वतःच सेकंदाला पन्नासदा उलटसुलट होतो, पंपाला तर तीन फेज मिळून चुंबकपणाच गोल फिरवतात. थोडं डोक्यावरून जातं, जाऊ द्या. पण स्वतः दहा वेटोळी घातलेल्या पोराला त्या मोटारीतली शेकडो वेटोळी बघून जे वाटतं ते पुस्तकातल्या आकृतीनं नाही वाटत. मिस्त्रींना भाषण करायला लावू नका, काम करायला लावा. सत्कार-शाल-नारळ पण शेवटी ठेवा, आधी ठेवलात तर माणूस एकदम साहेबासारखा बोलायला लागतो.

हे गावातल्या कारागिराला शिकवायला आणणं मी काढलेलं नाही. गांधीजींनी १९३७ मध्ये वर्ध्याला नई तालीम, म्हणजे हातकामातून शिकवायची पद्धत, मांडली ती ह्याच अंगानं, आणि डॉ. कलबागांनी १९८३ मध्ये पुणे जिल्ह्यात पाबळला विज्ञान आश्रम काढला तिथं तर लेकरं वेल्डिंगपासून रक्तगट तपासण्यापर्यंत सगळं गावाला उपयोगी पडेल असं काम करत-करत शिकतात. जमलं तर शिबिराआधी एकदा पाबळला जाऊन या.

वीज कुठली वापरायची हेही इथंच सांगतो. फक्त सेल. भिंतीतल्या बोर्डाला काहीही जोडायचं नाही, ग्लू गनसुद्धा नाही, आणि तसंही लाईट कधी जाईल सांगता येत नाही. एलईडी लावायचा तर दोन पेन्सिल सेल. चपटे बटण-सेल स्वस्त आणि सोपे पडतात पण आणू नका, कारण मोठ्या बहिणीबरोबर तीन-चार वर्षांचं धाकटं येतंच येतं, आणि गिळलेला बटण-सेल अन्ननलिका जाळतो. त्या धाकट्यांसाठी एका कोपऱ्यात माती-पाणी-रिकामे डबे ठेवून द्या, त्यांना हाकलून लावलंत तर बहीणही घरी जाते.

माठ हा विषय मात्र मला सगळ्यात आवडतो, कारण त्याचं सामान घराघरात आहे आणि आपल्या कोरड्या उन्हाळ्यात तो असा काय चालतो की बास. चार भांडी घ्या: नवा माठ, जुना माठ, स्टीलची घागर, आणि ओलं फडकं गुंडाळलेली प्लास्टिकची बाटली. चारही रात्री एकाच पाण्यानं भरून सावलीत ठेवायची आणि दर तासाला तापमान. थर्मामीटर प्रयोगशाळेतला पाहिजे, तापाचा चालत नाही, तो ३५ च्या खाली दाखवतच नाही. बाहेर सावलीत ४० असताना नव्या माठातलं पाणी त्याच्या दहा-बारा अंश तरी खाली असतं, स्टीलची घागर हवेच्या मागंमागं तापत जाते. मग माठ प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधा, दुपारपर्यंत गारवा गेला. मग माठाचं वजन करा सकाळी आणि दुसऱ्या सकाळी, पाणी कुठं गेलं? बाहेर तर सांडलं नाही. एक ग्रॅम पाणी उडून जाताना साधारण ५८० कॅलरी उष्णता घेऊन जातं, हा आकडा मोठ्या पोरांना सांगा, बारक्यांना नको. जुना माठ का गार करत नाही हे आजीला विचारून यायला सांगा, आजी सांगते ‘भोकं बुजली’, आणि आजीचं बरोबर आहे, बोअरचं पाणी जड, त्यातले क्षार माठाच्या छिद्रांत बसतात. ते खरं का खोटं हेही तपासता येतं: बाहेरनं ओल किती फुटते, वजन किती घटतं, दोन्ही माठांचं शेजारी-शेजारी. आणि ह्याला जोडूनच प्रश्न येतो की आपला कूलर मेमध्ये भारी चालतो आणि जूनला पाऊस पडल्यावर नुसता चिकचिक का करतो. उत्तर देऊ नका. जूनमध्ये परत माठ मोजायला सांगा.

त्याच बोअरच्या पाण्याचा अजून एक अर्ध्या तासाचा प्रयोग: अंगाच्या साबणाचा कीस पाण्यात विरघळवून ठेवायचा, मग बोअर, विहीर, टँकर आणि आरओच्या जारचं पाणी सारख्या बाटल्यांत सारखं भरून, सारखे थेंब टाकून हलवायचं. फेस किती बोटं येतो ते मोजायचं. शाम्पू किंवा कपड्याची पावडर घेऊ नका, ती जड पाण्यातही फेस देते.

मे महिन्याची एक खास गोष्ट आहे जी ना जूनला येते ना डिसेंबरला, शून्य सावली. सूर्य बरोबर डोक्यावर येतो तो दिवस. धाराशिवला साधारण १२ मे, लातूरला १३, मग नांदेड-बीडकडं १५-१६ च्या आसपास, आणि जालना-छत्रपती संभाजीनगरला १९-२० मे, म्हणजे आठवडाभरात सूर्य अख्खा मराठवाडा ओलांडून उत्तरेला जातो. तुमच्या केजला १४ मेच्या आसपास. वेळ बारा नाही, दुपारी १२ वाजून २०-२२ मिनिटं, कारण आपलं भारताचं घड्याळ ८२.५ अंश रेखांशावरच्या वेळेचं आहे, आणि आपण त्याच्या पश्चिमेला. पण त्या वेळेला लेकरं शाळेच्या मैदानावर उभी करायची नाहीत. प्रत्येकानं आपापल्या अंगणात, दारात उभं राहून पाच मिनिटांत करायचं: सपाट फरशीवर पेला उपडा ठेवा, नाहीतर पीव्हीसी पाईपचा वीतभर तुकडा सरळ उभा, त्याची सावली कागदावर आखत जा. वर सूर्याकडं बघायचं कारणच नाही. आदल्या चार-पाच दिवसांपासून रोज आखलं तरच मजा आहे, कारण तेव्हा दुपारची सावली किंचित उत्तरेला असते, त्या दिवशी गायब होते आणि नंतर दक्षिणेला पडायला लागते. आपली दुपारची सावली दक्षिणेला पडते हे गावातल्या म्हाताऱ्या माणसांनाही सांगून खरं वाटत नाही, मग लेकरं अंगणात नेऊन दाखवतात. आणि लातूरला-संभाजीनगरला एखादा मावसभाऊ असेल तर त्याला फोन करून त्याच्या अंगणात कधी झालं ते विचारायचं, नकाशावर तारखा मांडायच्या. शिबिराच्या तारखा शक्यतो १४ मे मधोमध येईल अशा धरा.

चौथी-पाचवी वस्तू तुमच्या आवडीनं घ्या. तराजू करा, वजनं म्हणून नाणी नको (जुन्या-नव्या नाण्यांचं वजन वेगळं), सिरिंजनं मोजलेलं पाणी घ्या, एक मिली म्हणजे एक ग्रॅम. किंवा शाळेच्या पत्र्याचं माप घेऊन हिशोब करा: एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. २० बाय ३० फुटांचा पत्रा म्हणजे सुमारे ५६ चौरस मीटर, आणि आपल्याकडं वर्षाला साधारण ७०० मिमी धरला तर ३९ हजार लिटर. थोडं वाया गेलं धरलं तरी तीनेक टँकर. २०१६ ला मिरजेहून रेल्वेनं लातूरला पाणी आणलं होतं हे घरच्यांना आठवत असतं, लेकरांना त्यांच्याकडनं ऐकू द्या आणि मग हा हिशोब घरी नेऊ द्या. सातवी-आठवीच्या पोरांना गुणाकार इतका मनापासून करताना एरवी बघायला मिळत नाही.

माणसं किती लागतात? तीस लेकरांना तुमच्याशिवाय तीन-चार हात तरी पाहिजेत, आणि ते कुठं शोधायचे तर १०वीची परीक्षा दिलेली पोरं-पोरी. पेपर मार्चमध्ये संपतात, निकाल लागेपर्यंत मोकळी असतात, आणि गावातली म्हणून लेकरांना ओळखीची. त्यांना दोन दिवस आधी सगळं स्वतः करायला लावा, आणि एकच गोष्ट बजावा, लेकराच्या हातातलं घ्यायचं नाही. हे त्यांना सगळ्यात जड जातं. मोटार फिरत नाही दिसलं की दादा लोकं ‘आण इकडं’ म्हणून घेतात, चालू करून देतात आणि खुश होतात. हात पाठीमागं बांधून उभं राहा म्हणून सांगा, खरंच, मी सांगतो तसं.

दुसरं, हत्यार कुणाच्या हातात आहे ते दर थोड्या वेळानं नजर टाकून बघा. मिसळ गटात पक्कड आणि करवत दहा मिनिटांत पोरांकडं जाते आणि पोरी वही धरून बसतात, कुणी सांगत नाही, आपोआप होतं. मी चिठ्ठ्या करतो: हत्यार, सामान, मोजणी, वही, आणि रोज चिठ्ठ्या फिरतात, अदलाबदल नाही. पोरींना सकाळी पाणी भरून, भांडी करून यायला उशीर होतो, तर पहिला अर्धा तास कालच्या वस्तूची दुरुस्ती ठेवा, नवीन काही नको, म्हणजे उशिरा आलेलीचं काही बुडत नाही.

शेवटच्या दिवशी स्टेज, माईक, पाहुणे, असलं काही ठेवू नका म्हणणार नाही, गाव आहे, सरपंचांना बोलवावंच लागतं, मुख्याध्यापक आणि शाळा व्यवस्थापन समितीलाही. पण भाषणं अर्ध्या तासात उरका आणि मग पालकांना खाली बसवून लेकरांनी त्यांच्याकडनं मोटार करून घ्यायची. आया फार छान करतात, बारीक कामाची सवय असते, वडीलमंडळी जरा लाजतात. आपल्या बापाची मोटार फिरत नाही हे बघून लेकराचा चेहरा काय होतो ते बघाच, आणि मग ते हात मागं घेऊन विचारतं, ‘दोन्हीकडनं खरवडलं का तुम्ही?’

फी घ्यायची का असं पण विचारलंय. नाममात्र घ्या, पन्नास रुपये वगैरे, आणि ज्याला जमत नाही त्यानं त्याऐवजी सामान आणावं, रद्दी, रिकाम्या बाटल्या, धाटं, बंद पडलेली खेळणी, काहीही. खरं तर सगळ्यांनाच हा पर्याय खुला ठेवा, म्हणजे कोण पैसे देऊ शकला नाही हे कळत नाही. पालकांची लेखी संमती आणि एक चालू फोन नंबर मात्र सगळ्यांचा.

तयारी आत्तापासून लागते ती तीन गोष्टींची. रिवायंडिंगवाल्याकडं तारेचं बोलून ठेवा म्हणजे तो तुकडे भंगारात न घालता साठवतो. कडब्याची कुट्टी व्हायच्या आत पाच-सहा पेंढ्या बाजूला काढून कोरड्या जागी ठेवायला सांगा. आणि त्या १०वीच्या पोरांना शेवटच्या पेपरच्या दिवशीच गाठा, दोन दिवस उशीर केलात तर निम्मी पुण्याला आत्याकडं गेलेली असतात.